दिग्दर्शक बदलला, सोफीचे काय?

डायना विन जोन्स यांच्या १९८६ सालच्या ‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’ या कादंबरीवरील अनुबोधपर नव्हे, तर निखळ कल्पनारम्य असा चलच्चित्रपट जपानच्या जिब्ली स्टुडिओने प्रथम मामोरू होसोदा या तरुण दिग्दर्शकाकडे सोपविला होता. २००२ साली ते बाजूला झाले आणि सूत्रे हायाओ मियाझाकी यांच्याकडे आली. चाहत्यांना त्यांचे नाव हीच हमी वाटते. वाचकांची तक्रार मात्र २००४ पासून कायम आहे: मुळात दूरवरचे युद्ध येथे केंद्रस्थानी आले, हाउलचे वेल्समधील घर नाहीसे झाले.

तक्रार खरी, पण तिचा रोख चुकला आहे. त्या युद्धामागे इराकवरील आक्रमणाचा प्रामाणिक संताप होता. हानी झाली ती सोफीची. कादंबरीत टोप्या सजविणारी ही थोरली मुलगी वस्तूंशी बोलता बोलता नकळत त्यांत जीव ओतते. तिचे म्हातारपणही काही अंशी तिनेच धरून ठेवलेले असते. पडद्यावर तिचे वय मनःस्थितीनुसार कमीजास्त होते (ही कल्पना सुंदरच), पण तिच्या विद्येचा उच्चारही होत नाही. होसोदांनी ती राखली असती काय? न झालेल्या चित्रपटाची थोरवी गाणे सोपे असते.

स्वतः लेखिकेने मियाझाकींची कृती मनापासून वाखाणली होती. सोफीच्या बाजूने बोलावयास आता वाचकच उरतात.