धूर काय म्हणतो?

मुलांनो, तुम्ही आजारी पडलात की डॉक्टर आधी काय म्हणतात? "जीभ दाखव!" मग विचारतात, ताप सकाळी येतो की रात्री? खोकला कोरडा की ओला? एवढं कळलं की मगच औषध. गाडीचंही अगदी तसंच असतं, बरं का. तिची जीभ म्हणजे सायलेन्सरच्या नळीतून निघणारा धूर!

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. माझे आईवडील बुलढाण्याला राहतात. त्यांची वीस वर्षांची पेट्रोल गाडी एकाएकी धूर सोडायला लागली. एका गॅरेजवाल्याने लांबूनच पाहून निकाल दिला, "इंजिन कामाला आलं. रिंग-पिस्टन बदला, बोअर करा." खर्चाचा आकडा ऐकून वडील गप्पच झाले. संध्याकाळी म्हणाले, "भंगारात देऊन टाकू." आई काही बोलली नाही. पण गुडघेदुखीमुळे तिला एसटीच्या पायऱ्या चढवत नाहीत. गाडी गेली की तिचं मोताळ्याला माहेरी जाणंही बंद होणार, हे सगळ्यांनाच कळत होतं.

तेवढ्यात माझी आठवीतली भाची म्हणाली, "आजोबा, मी बघू का काय झालंय ते?" सगळे हसले. शेजारचे म्हातारे मिस्त्री मात्र हसले नाहीत. उभा जन्म त्यांनी इंजिनं खोलण्यात घालवलेला. ते म्हणाले, "हसता काहून? पाहू द्या तिले. पोरी, धूर कोन्त्या रंगाचा हाये अन् कव्हा निंघते, एवढंच लिहून आण."

मग मिस्त्रीबाबांनी तिला तीन रंगांची ओळख करून दिली. तुम्हीही ती करून घ्या.

पहिला पांढरा. थंडीत गाडी सुरू केली की पांढरा लोट निघतो आणि इंजिन तापलं की नाहीसा होतो. ती नुसती वाफ! पेट्रोलमधल्या हायड्रोजनचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन पाणी बनतं. एक लिटर पेट्रोल जळलं, की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. आहे की नाही गंमत? बुलढाणा अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेलं, त्यामुळे तिथे हिवाळ्यात ही वाफ दिसणारच. पण इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला आणि रेडिएटरमधलं पाणी कमी होऊ लागलं, तर सावध! बहुधा हेड गॅस्केट फुटून पाणी सिलिंडरमध्ये शिरत असतं. अशी गाडी पुढे दामटायची नाही, नाहीतर इंजिन तापून जाम होतं.

दुसरा काळा. म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी. एअर फिल्टर धुळीने चोंदला असेल, किंवा पेट्रोल मोजून देणारा भाग बिघडला असेल. प्रीमियर पद्मिनी, ॲम्बॅसडर अशा कार्बोरेटरच्या गाड्यांत थंडीत ओढलेला चोक आत ढकलायचा विसरला, तरी काळा धूर निघायचा.

तिसरा निळसर. म्हणजे इंजिनातलं ऑइल जळतंय. ऑइलला सिलिंडरमध्ये शिरायला मुख्य वाटा दोन. पिस्टनच्या रिंगा झिजल्या तर खालून, आणि वॉल्व्हच्या दांड्यांवरची छोटी रबरी सील कडक झाली तर वरून. खालच्या वाटेची दुरुस्ती म्हणजे मोठं इंजिनकाम. वरच्या वाटेची त्यामानाने पुष्कळच स्वस्त. पण धूर दोन्हीकडून निळाच! मग ओळखायचं कसं?

मिस्त्रीबाबा म्हणाले, "राजूर घाटाले विचारा!"

बुलढाण्याहून मोताळा, मलकापूरकडे जाताना राजूर घाट उतरावा लागतो. रविवारी वडील गाडी चालवायला बसले, मी शेजारी आणि भाची मागच्या काचेला नाक लावून, मांडीवर वही! उतारावर वडिलांनी गाडी गिअरमध्येच ठेवली आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला. अशा वेळी इंजिनात हवा येण्याची वाट जवळजवळ बंद होते, पिस्टन मात्र हवा ओढतच असतात. स्ट्रॉचं टोक बोटाने दाबून चोखून बघा, कशी ओढ बसते! तशीच ओढ इंजिनात तयार होते आणि झिजलेल्या सीलमधून ऑइल खाली खेचलं जातं. घाट संपला, वडिलांनी पुन्हा रेस दिली, आणि मागे भक्कन निळा ढग! भाचीने वेळ टिपली. दहा-बारा सेकंदांत धूर गायब.

परत येताना चढ. इंजिनावर पूर्ण भार. रिंगा झिजलेल्या असत्या तर इथे सतत निळा धूर दिसायला हवा होता. भाचीने मान वळवून वळवून पाहिलं. धूर नाही! तिच्या वहीत आणखी एक नोंद होती. सकाळी गाडी सुरू करतानाच निळा झोत येतो, मग थांबतो. म्हणजे रात्रभर ऑइल थेंबथेंब खाली झिरपतं. तिन्ही नोंदी एकाच दिशेला बोट दाखवत होत्या, वॉल्व्ह सील!

पण मिस्त्रीबाबा एवढ्यावर थांबणारे नव्हते. त्यांनी स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचा दाब मीटरने मोजला. मग चमचाभर ऑइल आत सोडून पुन्हा मोजला. रिंगा झिजलेल्या असल्या तर ऑइलने फटी बुजतात आणि दाब वाढतो. इथे दाब आधीच चांगला होता आणि पुढेही जवळपास तेवढाच राहिला. म्हणजे रिंगा शाबूत! सील बदलली. इंजिनकामाच्या मानाने खर्च अगदीच किरकोळ. पुढच्याच आठवड्यात आई मोताळ्याला जाऊन आली.

दर वेळी असं स्वस्तात सुटतं असं मात्र नाही हं. कधी रिंगाच गेलेल्या असतात आणि मोठा खर्च करावाच लागतो. पण तो तपासून झाल्यावर करावा, लांबून पाहून नव्हे.

आता थोडं सांभाळायचं. धुराचा वास घ्यायला नळीजवळ तोंड नेऊ नका. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी अंगावर उडतं. आणि बंद खोलीत गाडी मुळीच सुरू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो, ना वास, पण तो जीव घेतो. डोळ्यांना धूर दिसत नाही म्हणून गाडी निर्दोष, असं समजू नका. पेट्रोल गाडीच्या पीयूसी तपासणीत हाच न दिसणारा वायू यंत्राने मोजतात.

तर मग वही काढा आणि चार रकाने आखा. धुराचा रंग कोणता? केव्हा येतो? चढावर की उतारानंतर? पाणी कमी होतंय की ऑइल? आठवडाभर नोंदी करा आणि तुमच्या मिस्त्रीकाकांना दाखवा.

माझे वडील आता सकाळी गाडी सुरू करण्याआधी नातीला हाक मारतात, "डॉक्टरीणबाई, जीभ बघता का?"