इम्युनिटी आळशी होते म्हणे!

परवा घरच्या ग्रुपवर मामांनी एक फॉरवर्ड टाकला. 'दरवर्षी फ्लूची लस दिल्याने मुलांची इम्युनिटी आळशी होते. नेदरलँड्समध्ये सिद्ध!!!' एरवी मी असलं वाचून सोडून देतो. पण दोन तासांत ताईचा फोन. "या वर्षी राहू दे का रे?" भाचा साडेचार वर्षांचा, दर पावसाळ्यात छाती भरते, नेब्युलायझर घरातच ठेवलेला. म्हणून हे पोस्ट.

फॉरवर्ड निव्वळ थाप असता तर बरं झालं असतं. गोची अशी की रॉटरडॅमच्या संशोधकांचा २०११ चा अभ्यास खराच आहे. सिस्टिक फायब्रोसिसमुळे दरवर्षी लस घेणारी मुलं आणि लस न घेतलेली निरोगी मुलं यांच्या रक्तातल्या 'किलर' टी पेशी त्यांनी तपासल्या. या पेशी विषाणूच्या आतली, फारशी न बदलणारी प्रथिनं ओळखतात, त्यामुळे अगदी नव्या फ्लूविरुद्धही थोड्याफार उपयोगी पडतात. लस न घेतलेल्यांत त्या वयाबरोबर वाढलेल्या दिसल्या, घेतलेल्यांत नाही.

आता मामा, इथे जरा थांबा. त्या वाढल्या कशाने? फ्लू होऊन! मारलेल्या विषाणूची लस मुख्यतः अँटिबॉडी तयार करते, किलर पेशींना फारशी जागं करत नाही. म्हणजे लसीने काही बिघडवलं नाही. आजार झाला नाही म्हणून आजाराची तालीम झाली नाही, एवढंच. पोराला विहिरीत ढकलून पोहायला शिकवणारे काका आपल्याकडेही होते. जे शिकले ते कौतुकाने सांगतात. जे बुडाले ते सांगायला येत नाहीत. आणि त्या संशोधकांचं म्हणणं 'लस देऊ नका' असं नव्हतंच, टी पेशींनाही जागं करणारी लस हवी असं होतं. ते वाक्य फॉरवर्डमधून बरोब्बर गळलं.

खरी बोचणारी गोष्ट मामांना सापडलीच नाही, म्हणून मीच देतो. इंग्लंडमधलं ख्राइस्ट्स हॉस्पिटल (नावाला हॉस्पिटल, आहे निवासी शाळा). तिथे १९७२, ७४ आणि ७६ अशा तीन साथी आल्या. सगळा हिशेब मांडल्यावर दरवर्षी लस घेणारी आणि कधीच न घेणारी मुलं जवळपास सारखीच आजारी पडलेली निघाली! १९७९ साली हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पुढे ह्यूस्टनला प्रौढांवर पाच वर्षं अभ्यास झाला, त्यात असं काही दिसलं नाही. २०१८ साली अमेरिकेतल्या तीन हजारांवर मुलांचा अभ्यास आला; आदल्या वर्षीच्या लसीमुळे यंदाची लस कमी पडते, असं त्यातही दिसलं नाही. शरीर पहिल्यांदा भेटलेला फ्लू विसरत नाही, नव्यालाही जुन्याच नजरेने बघतं, हे थॉमस फ्रान्सिसने १९६० मध्येच मांडलं होतं. त्यामुळे एखाद्या वर्षी मागची लस यंदाच्या लसीच्या आड येऊही शकते. येऊ शकते, दरवर्षी येते असं नाही. शिवाय अँटिबॉडी काही महिन्यांत उतरतात आणि विषाणू रूप बदलतो, मग दरवर्षी टोचण्यावाचून दुसरा मार्ग तूर्त तरी नाही.

माझा राग मामांवर थोडा आणि डॉक्टरांवर जास्त आहे. ताईने हाच प्रश्न दवाखान्यात विचारला होता. उत्तर काय? "गूगल डॉक्टर झालात का?" अहो, तिने पाच मिनिटं मागितली होती. ती तुम्ही दिली नाहीत, मामांच्या फॉरवर्डने दिली. बालरोगतज्ज्ञांची संघटना सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना दरवर्षी ही लस द्या म्हणते, पहिल्या खेपेला चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस. ते का, हे सांगायला काय हरकत आहे?

आणि मामा, 'नैसर्गिक इम्युनिटी'चं म्हणाल तर २००९ चा ऑगस्ट आठवा. पुण्यात शाळा बंद, मास्कसाठी रांगा, आणि तुम्ही स्वतः रुमालात कापराची पुरचुंडी बांधून फिरत होतात. तेव्हा 'होऊन जाऊ दे एकदा' असं म्हणाला नव्हतात :)

असो. ताईला सांगितलंय, शनिवारी घेऊन जा. गाडी मामांनी काढायची आहे.