समुद्राच्या नोंदीत बाई कुठे?



समुद्र बारा महिने सारखा नसतो, हे किनाऱ्यावरच्या बाईला शिकवावे लागत नाही. पण त्याच्या बदलांच्या शास्त्रीय नोंदी कुणापर्यंत पोचतात, हा प्रश्न मात्र आपल्या चळवळीने विचारायला हवा.

गोव्यात दोनापावल येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिच्या शास्त्रज्ञांनी कांदोळीसमोरच्या समुद्रात १९९७ पासून वर्षानुवर्षे पाण्याचे तापमान, क्षारता आणि प्राणवायू मोजला. त्यातून कळले ते असे : पावसाळ्यात खोलवरचे गार, प्राणवायू कमी असलेले पाणी किनाऱ्याकडे वर सरकते. पावसाचे व नद्यांचे गोडे पाणी त्यावर झाकणासारखे पसरते आणि हवेतला प्राणवायू खाली पोचत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाचा प्राणवायू जवळजवळ संपतो, कधी विषारी हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तळाची मासळी दूर जाते. पुढे प्रवाह बदलले की हिवाळ्यात पाणी पुन्हा सुधारते.

आता बाजाराकडे पाहू. जून-जुलैची मासेमारी बंदी सोसून बाई ऑगस्टमध्ये लिलावात उभी राहते, आणि पाठोपाठ हेच दिवस येतात. मी ज्या विक्रेत्यांबरोबर काम करते, त्या अशा वेळी उसनवारी करून टोपली भरतात. भाव चढला की गिऱ्हाईक त्यांनाच बोलते. पाण्याखाली काय चालले आहे, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते.

हैदराबादचे महासागर माहिती सेवा केंद्र उपग्रहांच्या आधारे मासळीचे ठावठिकाणे कळवते, ते होडीवाल्यांसाठी. ओहोटीला खाडीत तिसऱ्या, कालवे काढणाऱ्या बाईसाठी असा निरोप नाही. होडी असेल तोच मच्छीमार, ही समजूत विज्ञानाच्या वाटेवरही आडवी येते.

म्हणून आपल्या मागण्या साध्या आहेत. मोजणीचे निष्कर्ष हंगामाच्या हंगामात, कोकणी-मराठीत, मासळी बाजारात लागावेत. खाड्यांचे पाणीही नियमित मोजावे. त्या कामात तिथे राबणाऱ्या बायांना घ्यावे आणि त्याचा मोबदला द्यावा. 'सहभाग' म्हणून फुकट राबवू नये. मदतीच्या योजना ठरवताना बंदीनंतरचे हे वाईट आठवडेही धरावेत.

किनाऱ्यावरच्या गटांनी आपापल्या खाडीत कोणत्या महिन्यात काय मिळते, काय मिळेनासे झाले, हे एका वहीत तारीखवार लिहायला लागावे. मागणी घेऊन जाताना ती वही हातात असू द्या.