गांजा उन्हात वाढतो, मग अमेरिकेत तो दिव्यांखाली का?

गांजा हे मुळात उघड्यावर वाढणारं झुडूप. तरी अमेरिकेत ज्या राज्यांनी त्याला परवानगी दिली, तिथं बरीचशी लागवड गोदामात, दिव्यांखाली चालते. एक किलो सुका गांजा असा पिकवायला ठिकाणानुसार 2,300 ते 5,200 किलो कार्बन उत्सर्जन होतं, असं कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी 2021 मध्ये मांडलं. दिवे, एसी, दमट हवा कोरडी करणारी यंत्रं, सगळंच वीज खातं.

मग झाडं सरळ उन्हात का नेत नाहीत?

एक कारण झाडातच आहे. फुलं कधी धरायची हे ते रात्रीच्या लांबीवरून ठरवतं. खोलीत दिवस-रात्र आपल्या हातात, त्यामुळे वर्षात अनेक पिकं निघतात. उघड्यावर बहुतेक ठिकाणी एकच. (आपल्याकडे शेवंतीच्या शेतात रात्री बल्ब लावतात, त्यामागेही हेच गणित.)

पण खरी गोम कायद्यात आहे. राज्यानं परवानगी दिली तरी केंद्रीय कायद्यानं गांजा एका राज्यातून दुसऱ्यात नेणं गुन्हाच. त्यामुळे कॅलिफोर्नियाच्या उन्हात पिकलेला माल इलिनॉयच्या दुकानात कायदेशीरपणे पोहोचतच नाही. कडाक्याच्या थंडीतल्या राज्यालाही आपला माल स्वतःच पिकवावा लागतो, म्हणजे हिवाळ्यात छताखालीच.

काहीजण काचघराकडे वळलेत: दिवसा ऊन, कमी पडेल तेवढाच दिवा, आणि रात्र हवी तेव्हा वरून काळा पडदा. दिव्यांची वीज वाचते. काचघर गरम ठेवायचा खर्च मात्र उरतोच.