आठ स्लॉट, शून्य स्लॉट

"काका, रॅम बोर्डावरच सोल्डर केलीय. नवीन लॅपटॉप घ्या," दुकानातला मुलगा म्हणाला. मला ८ जीबीचे १६ करून हवे होते. एका मित्रानं समजूत काढली : जुने कम्प्युटर ६४ केबीपुढे जात नव्हते, तू ८ जीबीवर रडतोस?

ही समजूत मला साफ नामंजूर आहे. ६४ केबी ही कुणाची मर्जी नव्हती. १९७७च्या अ‍ॅपल टूमधल्या ६५०२ प्रोसेसरला पत्त्याच्या तारा सोळाच. दोनाचा सोळावा घात ६५,५३६. त्यापुढच्या बाइटला पत्ताच नाही. तरी लोकांनी वाट काढली. लँग्वेज कार्ड नावाचं १६ केबीचं कार्ड शून्य नंबरच्या स्लॉटमध्ये बसायचं आणि रॉमच्याच १२ केबी पत्त्यांवर आपली रॅम मांडायचं. उरलेले ४ केबी? गिरणगावातल्या खोलीत दिवसपाळी आणि रातपाळीवाले एकाच जागेत झोपायचे, तसे एकाच पत्त्यावर आलटून पालटून.

सगळं गोडीगुलाबीनं चालायचं असं नाही. पुढच्या टू-ई मॉडेलमध्ये शून्याचा स्लॉटच गेला. ऐंशी कॉलमांचं कार्ड वेगळ्या स्लॉटमध्ये गेलं, आणि ते लावलं की तीन नंबरचा स्लॉट सहसा रिकामा ठेवावा लागे. डोकेदुखीच. पण झाकण हातानं उघडायचं आणि सर्किटची आकृती मॅन्युअलमध्ये छापलेली असायची. स्लॉट आठ होते, कारण वॉझ्निअ‍ॅक हटून बसला; जॉब्सला दोन पुरेसे वाटत होते, एक प्रिंटरला, एक मोडेमला.

१९८४च्या मॅकिन्टॉशमध्ये जॉब्सचं चाललं. त्यातल्या ६८००० प्रोसेसरला १६ एमबीपर्यंतचे पत्ते कळत होते; रॅम दिली १२८ केबी, सोल्डर करून. स्लॉट शून्य. स्क्रू इतके खोल, की खास लांब स्क्रूड्रायव्हर लागे. रॅम तेव्हा महाग होती, कबूल. महागाईमुळे कमी देणं समजू शकतं. पुढे वाढवायची वाटच बुजवणं कसं समजून घ्यायचं? त्याच वर्षी ५१२ केबीचा मॅक बाजारात आला, हेही लक्षात घ्या.

आता कुणी म्हणेल, रॅम सोल्डर केली की वेग वाढतो, वीज वाचते, लॅपटॉप बारीक होतो. खरं आहे. पण मग त्याला तांत्रिक मर्यादा म्हणू नका, सौदा म्हणा, आणि विकताना सांगा.

मी त्या मुलाला विचारलं, "यातला प्रोसेसर जास्तीत जास्त किती रॅम घेऊ शकतो रे?"

त्यानं फोनवर शोधलं. "६४ जीबी."