नव्या उंबरठ्याचे सीमोल्लंघन

चार महिने झाकोळलेले आकाश आता मोकळे झाले आहे. नद्यांचे गढूळ पाणी निवळले आहे, बांधाबांधांवर झेंडू फुलला आहे आणि घटाभोवतीच्या मातीत रुजलेले धान्याचे कोवळे तुरे आज घरोघरी देवाला वाहिले जात आहेत. विजयादशमी हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक पूर्ण मुहूर्त. पूर्वी या दिवशी राजे सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघत. आजच्या मध्यमवर्गीय गृहस्थाच्या आयुष्यात मोठे सीमोल्लंघन बहुधा एकदाच घडते, आणि ते म्हणजे भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या घरात जाणे. त्यासाठी आजचा दिवस निवडणारी कुटुंबे महाराष्ट्रातल्या प्रत्येक लहानमोठ्या शहरात आहेत. त्यांच्या आनंदात आम्ही सहभागी आहोत. परंतु आनंदाच्या भरात एका गोष्टीचा विसर पडू नये, म्हणून हे चार शब्द.

दसऱ्याच्या सुमारास वृत्तपत्रांची पाने घरांच्या जाहिरातींनी भरून जातात. ‘आजच नोंदणी करा, मुहूर्त टाळू नका’ असा त्यांचा सूर असतो. मुहूर्त ही शुभारंभाची वेळ आहे. चौकशी टाळण्याची ती सबब नव्हे. आजचा मुहूर्त हुकला तर अवघ्या तीन आठवड्यांत बलिप्रतिपदा येते, पुढे चैत्रात गुढीपाडवा येतो, वैशाखात अक्षय्यतृतीया येते. घाईने दिलेली जन्माची पुंजी मात्र तशी परत येत नाही. वर्षानुवर्षे अर्धवट उभ्या राहिलेल्या इमारतींकडे पाहत एकीकडे भाडे आणि दुसरीकडे कर्जाचा हप्ता भरणारी कुटुंबे आपल्या सर्वांच्या पाहण्यात आहेत.

घर पाहण्यासाठी शरदासारखा दुसरा ऋतू नाही, असे आम्हांस वाटते. पावसाळ्याने प्रत्येक इमारतीची परीक्षा घेतलेली असते आणि त्या परीक्षेचा निकाल भिंतींवर उमटलेला असतो. जुने किंवा तयार घर घेणाऱ्याने खिडक्यांखालचा गिलावा, न्हाणीघराला लागून असलेली भिंत आणि वरच्या मजल्याचे छत हाताने चाचपून पाहावे. सुटलेले पापुद्रे, ओलीचे डाग, बुरशीचा वास या खुणा मार्चमध्ये सापडत नाहीत, त्या आश्विनात सापडतात. एखादीच भिंत नव्याने रंगवलेली दिसली, तर तीच का रंगवली हे विचारण्यास संकोचू नये. जुलैत आवारात किती पाणी साचते, हे शेजाऱ्यांकडून समजून घ्यावे. आपण राहत्या घरातही या दिवसांत हेच करतो. गाद्या-गोधड्यांना ऊन दाखवतो, कपाटे भिंतीपासून ओढतो, कोनाडे झाडतो. लपलेली ओल बाहेर काढून उन्हात आणणे हाच शरदाने गृहस्थाला घालून दिलेला पाठ आहे.

ज्या घराच्या भिंती अजून उभ्याच नाहीत, तेथे कागद तपासावे लागतात. या बाबतीत आजचा ग्राहक मागच्या पिढीहून सुदैवी आहे. महाराष्ट्रात सदनिकाधारकांसाठी १९६३ साली कायदा झाला होता. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने त्यापुढचे पाऊल टाकले आणि मे २०१७ पासून राज्यात महारेरा प्राधिकरण काम करू लागले. घराची किंमत चटई क्षेत्रावर सांगणे आता बंधनकारक आहे. नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम बिल्डरला घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशांतील ७० टक्के रक्कम त्या प्रकल्पाच्या जमिनीसाठी व बांधकामासाठी स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष आढळला, तर तो विनामूल्य दुरुस्त करून देण्याची जबाबदारी बिल्डरची आहे. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक, जमिनीची मालकी, मंजूर नकाशे, आणि तयार इमारत असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, एवढे पाहिल्यावाचून विसाराची रक्कम हातावेगळी करू नये. कायदा जागा आहे. पण झोपलेल्याला तो उठवायला येत नाही.

आज आपण एकमेकांना आपट्याची पाने सोने म्हणून देऊ. त्यामागील कौत्साची कथा सर्वश्रुत आहे. गुरुदक्षिणेसाठी त्याला चौदा कोटी सुवर्णमुद्रा हव्या होत्या. रघुराजासाठी कुबेराने त्याहून कितीतरी अधिक सोन्याचा वर्षाव केला, तरी कौत्साने चौदा कोटींहून एकही मुद्रा जास्त उचलली नाही. कर्ज काढणाऱ्याने ही कथा पुन्हा एकदा आठवावी. बँक किती देते यापेक्षा आपली गरज किती, हा प्रश्न आधी विचारावा. समजा, साडेआठ टक्के व्याजाने ४० लाखांचे कर्ज वीस वर्षांसाठी घेतले, तर दरमहा सुमारे ३४,७०० रुपये हप्ता पडतो आणि एकूण ८३ लाखांहून अधिक रक्कम फेडावी लागते. तेच कर्ज पंधरा वर्षांत फेडले, तर हप्ता सुमारे ४,७०० रुपयांनी वाढतो, पण एकूण परतफेड जवळजवळ १२ लाखांनी घटते. एक खोली कमी घेऊन मुलांच्या शिक्षणाला आणि वडीलधाऱ्यांच्या औषधपाण्याला हात आखडावा लागणार नसेल, तर ते लहान घरच मोठे म्हटले पाहिजे.

नऊ दिवस आपण देवीची उपासना केली. घर ज्या गृहिणीच्या कष्टांवर उभे राहते, तिचे नाव दस्तावर असते काय, हाही प्रश्न या निमित्ताने स्वतःला विचारण्यासारखा आहे. स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत देण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२१ पासून अमलात आणला. सवलतीचा हिशेब बाजूला ठेवला, तरी तो तिचा हक्कच आहे.

पाच दिवसांनी कोजागरी येईल. गच्चीवर दूध आटेल, घरातल्या ज्येष्ठ अपत्याला ओवाळले जाईल. भाड्याच्या दोन खोल्यांतही हा सोहळा तितक्याच थाटाने होतो, कारण घर माणसांनी भरते. त्या रात्री लक्ष्मी ‘कोण जागे आहे?’ असे विचारीत फिरते, अशी श्रद्धा आहे. जो कागद वाचून, भिंत चाचपून आणि आपली ऐपत ओळखून नव्या उंबरठ्यावर पाऊल ठेवतो, त्यालाच ‘मी जागा आहे’ असे उत्तर देता येईल. असे जागे सीमोल्लंघन आमच्या वाचकांच्या हातून घडो, ही विजयादशमीच्या दिवशी आमची शुभकामना.