पद्मिनी आणि मारुती : दोन मोटारींचा ताळेबंद

ताळेबंदातील नफ्याचा एकटा आकडा संस्थेची प्रकृती सांगत नाही. तो किती भांडवलावर मिळाला, हे पाहावे लागते. मोटारीच्या माहितीपत्रकालाही हाच नियम लागू पडतो. या दृष्टीने प्रीमियर पद्मिनी आणि मारुती ८०० यांची तुलना उद्बोधक ठरते.

सोलापूरच्या जैन कुटुंबात जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. जहाज, विमान आणि मोटार देशातच तयार व्हावी, हा त्यांचा ध्यास होता. १९५३ मध्ये त्यांचे निधन झाले. इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने कुर्ल्यात तयार होणारी मोटार पुढे पद्मिनी नावाने घरोघरी पोहोचली. मारुती ८०० मागे जपानच्या सुझुकीचे तंत्र होते. तिची पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजी ग्राहकाच्या स्वाधीन झाली.

आता आकडे पाहू. पद्मिनीचे इंजिन चार सिलिंडरचे, १०८९ सीसीचे. शक्ती सुमारे ४० अश्वशक्ती. मारुतीचे तीन सिलिंडरचे, अवघे ७९६ सीसीचे. तरी शक्ती जवळपास तेवढीच. म्हणजे जमेची बाजू सारखी. फरक आहे तो वजनात. पद्मिनी सुमारे ९०० किलोची, तर मारुती ६५० किलोच्या आसपास. टनामागे हिशेब केला, तर पद्मिनीच्या वाट्याला सुमारे ४५ अश्वशक्ती येते आणि मारुतीच्या वाट्याला सुमारे ६०. मारुतीची चपळाई आणि इंधनाची काटकसर यांचे मोठे कारण या भागाकारात आहे. शिवाय तिचे इंजिन पुढच्याच चाकांना गती देते; पद्मिनीत ती शक्ती लांब दांड्याने मागच्या चाकांपर्यंत न्यावी लागे.

तरीही सर्व गुण एका पारड्यात टाकणे न्याय्य होणार नाही. पद्मिनीची डिकी ऐसपैस, पत्रा जाड आणि यंत्ररचना इतकी सोपी की कोणताही रस्त्याकडेचा मिस्त्री ती दुरुस्त करू शके. म्हणूनच मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीचे रूप तिने दशकानुदशके सांभाळले. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शेवटची पद्मिनी टॅक्सी सेवेतून निवृत्त झाली. मारुती ८०० चे उत्पादन त्याआधीच, जानेवारी २०१४ मध्ये थांबले होते.

मग पद्मिनी मागे का पडली? परवाना पद्धतीत उत्पादनावर मर्यादा होती, आयातीला अटकाव होता आणि नोंदणी करून ग्राहक वर्षानुवर्षे थांबत होता. विक्रीची चिंता नसलेल्या कारखान्याला नवी रचना करण्याची निकड भासली नाही. संस्थापकाने स्वावलंबनाचे स्वप्न पाहिले, परंतु परवान्याने घेतलेल्या रचनेत स्वतःची भर घालत राहण्याचे काम पुढे मंदावले. संरक्षण हे उद्योगाला मिळालेले कर्जच होय. मुदतीत त्याची फेड गुणवत्तेने झाली नाही, तर व्याज चढत जाते.

आज मोटार घेणाऱ्या कुटुंबानेही अश्वशक्तीला वजनाने भागून पाहावे, डिकी आणि आसने घरातील माणसांच्या संख्येशी ताडावीत आणि दुरुस्तीची सोय आपल्या गावी आहे का, याची चौकशी करावी. मासिक हप्त्याचा विचार त्यानंतर करावा.